रडर पेडल आरामात चालवायची तर आधी खुर्ची बांधा

घरी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावरचं विमान, चालवणाऱ्यांची रडर पेडलबद्दलची (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायाच्या पेडलबद्दलची) तक्रार जवळपास ठरलेली असते. पेडल दाबलं की खुर्ची मागे जाते, खुर्ची अडवली की पेडल पुढे सरकतं, आणि दोन्ही कसंबसं थांबवलं की अर्ध्या तासात नडगी भरून येते. मग दोष पेडलचाच असं समजून लोक त्याहून भारी संच शोधायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी खर्च करायचा तो खुर्ची आणि पेडल यांच्या जोडणीवर, आणि वेळ द्यायचा तो घोट्याच्या कोनाला. साधा प्लास्टिकचा संच पक्का बसवला, तर तो घसरणाऱ्या भारी संचापेक्षा कितीतरी चांगला चालतो.

पायाने पेडल पुढे ढकललं की पेडलही तेवढ्याच जोराने आपल्याला मागे ढकलतं. खऱ्या विमानात सीट आणि पेडल एकाच सांगाड्याला बसवलेली असतात, त्यामुळे हा जोर सांगाड्यातच जिरतो. सेस्नाच्या लहान विमानांत सीट रुळांवर पुढेमागे सरकते आणि रुळाच्या भोकात पिन बसली की जागेवर अडकते. ती पिन निसटून ऐन टेकऑफला सीट मागे जाणं इतकं धोक्याचं, की अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) १९८७ साली हे रूळ आणि पिना ठरावीक काळाने तपासण्याचा आदेश काढला. इंजिन सुरू करण्याआधीच्या चेकलिस्टमध्येही सीट आणि पट्टे लॉक झाल्याची खात्री करायला सांगितलेलं असतं. घरी सीट सरकल्याने जिवाला धोका नाही, पण नियम तोच: सीट आणि पेडल मिळून एकच वस्तू झाली पाहिजे. फरशीचं घर्षण, रबरी पाय, पेडलचं वजन हे सगळं त्यानंतर.

खुर्ची तीन तऱ्हांनी हलते

चाकांची ऑफिसची खुर्ची मागे पळते हे सगळ्यांच्या लक्षात येतं. ती गोल फिरते हे मात्र उशिरा कळतं. डावा पाय दाबला की डावा खुबा मागे जातो आणि बैठक किंचित डावीकडे वळते. अंग वळलं की हात वळतो, हात वळला की जॉयस्टिकला नको तेवढा धक्का लागतो. पायाने रडर दिला की पंख आपोआप थोडा झुकतो, असं वाटत असेल तर विमानाचं मॉडेल तपासण्याआधी खुर्ची तपासा. (रडरमुळे विमान थोडं झुकतं हे खरंच आहे, पण इथे जॉयस्टिकचा ॲक्सिस, म्हणजे तिच्या हालचालीचं संगणकाला मिळणारं मापच, हललेलं दिसतं.) तिसरी हालचाल पाठीची. मागे रेलण्याची यंत्रणा मोकळी असेल तर पायाचा जोर पेडलवर पोचण्याआधी पाठ मागे नेण्यातच जातो. ती यंत्रणा सरळ स्थितीत लॉक करावी. लॉक नसेल तर बैठकीखालची ताणाची मूठ पूर्ण आवळावी.

पळण्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चाकं काढून त्या जागी स्थिर पाय बसवणं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक खुर्च्यांच्या चाकांची दांडी ११ मिलिमीटर जाड आणि २२ मिलिमीटर लांब असते, आणि त्याच मापाचे गोल तळाचे स्थिर पाय मिळतात. तरी मागवण्याआधी एक चाक काढून माप घ्या, कारण काही खुर्च्यांची दांडी १० मिलिमीटरची असते. खुर्ची उलटी करून चाक सरळ ओढलं की निघतं. अडलंच तर दांडीच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हर घालून हळूहळू उचकटावं, आणि खालच्या प्लास्टिकला ओरखडे पडू नयेत म्हणून मधे कापडाची घडी ठेवावी. स्थिर पाय चाकापेक्षा बुटके असतात, त्यामुळे बैठक थोडी खाली येते. पेडलसाठी ते फायद्याचंच आहे.

त्याच खुर्चीवर दिवसभर काम करायचं असेल तर चाकं काढणं परवडत नाही. तेव्हा पट्टा वापरा. २५ मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा, कॅम बकलवाला, म्हणजे हातानेच ओढून आवळायचा. ट्रकचा माल आवळतात तसला रॅचेटचा पट्टा घेऊ नका. त्याने सहज इतका ताण बसतो की पेडलचा प्लास्टिकचा तळ वाकतो आणि आतले रूळ घट्ट होतात. पट्ट्याचा फास खुर्चीच्या मधल्या खांबाला शक्य तितका खाली, पाच पायांच्या अगदी वर घ्या. बैठकीच्या उंचीवर बांधला तर पट्टा तिरका वर जातो आणि प्रत्येक दाबाला पेडलची जवळची कड उचलायला बघतो. दुसरं टोक पेडलच्या अंगाला न अडकवता ज्या फळीवर पेडल आहे तिला अडकवा. ताण बेताचा ठेवा: मोकळं बसल्यावर पट्टा सरळ दिसावा, पण बोटाने दाबला तर दोनेक सेंटिमीटर वाकावा.

एवढ्याने पळणं थांबतं, फिरणं थांबत नाही, कारण बैठक त्या खांबावरच फिरते. फिरण्यावर खरा उपाय चार पायांची न फिरणारी खुर्ची हाच. घरात जागा असेल आणि सिमसाठी वेगळी खुर्ची ठेवता येत असेल, तर लाकडी हातांची साधी, भक्कम खुर्ची आणि तिच्यावर चांगली उशी ही जोडी गादीच्या महागड्या गेमिंग खुर्चीपेक्षा पेडलला जास्त योग्य आहे. फिरणारीच वापरायची तर बैठकीखालच्या लोखंडी पट्टीच्या दोन बाजूंपासून फळीच्या दोन कोपऱ्यांपर्यंत दोन पट्टे इंग्रजी व्हीसारखे ताणा. हे पट्टे वरून खाली येतात, म्हणून त्यांना फक्त फिरण्यापुरता हलका ताण द्या. मागचा जोर खांबाच्या पट्ट्यानेच घ्यायचा.

फळी

पेडल थेट फरशीवर ठेवू नये. १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड घ्या, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब. १२ मिलिमीटरची फळी चालेल असं वाटतं, पण मधे पोकळी राहिली की टो ब्रेक (चवड्याने पेडलची पाटी दाबून लावायचा चाकाचा ब्रेक) दाबताना ती लवते, आणि पाय स्थिर जागी नाही असं सतत जाणवतं. लांबी एवढी हवी, कारण खुर्चीचे पुढचे दोन पाय फळीवर आले पाहिजेत. तुमचं स्वतःचं वजन फळीवर पडलं की ती कुठेच जात नाही. पाची पाय फळीवर यायला हवे असतील तर फळी आणखी लांब आणि निदान ७५ सेंटिमीटर रुंद घ्या, म्हणजे मागच्या चाकांमागे २० ते २५ मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी ठोकता येते आणि पट्ट्याचीही गरज राहत नाही. पट्टी ठोकण्याआधी खुर्चीत बसून, चाकं मागे पळायच्या दिशेला वळवून मगच खूण करा. चाक आपल्या दांडीभोवती वळतं, त्यामुळे रिकाम्या खुर्चीवर केलेली खूण सहज तीनेक सेंटिमीटरने चुकते.

बहुतेक पेडलच्या तळाला बोल्टसाठी भोकं असतात. तळाखाली कागद धरून पेन्सिलीने भोकं उतरवून घ्या आणि तो कागद फळीवर चिकटवून छिद्रं पाडा. एम ६ बोल्ट असेल तर ६.५ मिलिमीटरचं छिद्र, म्हणजे जुळवायला थोडा वाव राहतो. बोल्टचं डोकं फळीच्या खालून बसवायचं आणि ते आत बुडेल इतकी खाच करायची, नाहीतर फळी डोक्यांवर डुगडुगते आणि फरशीला चरे पडतात. वर वॉशर आणि नट. प्लास्टिकच्या तळावर नट पानाने जोर लावून आवळू नका. हाताने बसवून वर अर्धा फेरा पुरे. पण कायमचं बसवण्याची घाई नको. पुढच्या भागातली मापं ठरेपर्यंत पेडल दुहेरी टेपने किंवा दोन क्लॅम्पने धरून ठेवा, आणि निदान आठवडाभर उडवल्यावरच छिद्रं पाडा.

गुळगुळीत फरशीवर फळीखाली ३ मिलिमीटरचं रबर चिकटवा. ड्रॉवरमध्ये घालतात तो जाळीचा फोम सुरुवातीला छान धरतो, पण दाबाने चपटा होऊन त्याचा भुगा होतो. रबर कितीही चांगलं असलं तरी खाली धूळ असेल तर ते घसरतंच, म्हणून फरशी आणि रबर दोन्ही ओल्या फडक्याने पुसून, सुकल्यावर फळी टाकावी. आखूड, गाठींच्या गालिच्यावर रुंद वेल्क्रोची फक्त काटेरी बाजू तळाला चिकटवली की गालिच्याचे धागेच दुसऱ्या बाजूचं काम करतात. लांब मऊ लव असलेल्या गालिच्यावर ही युक्ती चालत नाही. तिथे मोठी फळीच हवी. टेबल भिंतीला लागून असेल तर फळीचं पुढचं टोक भिंतीला टेकवून मधे रबराचा तुकडा ठेवा. भिंतीने पेडल थांबतं हे खरं, पण खुर्ची नाही. भिंतीच्या भरवशावर पट्टा सोडणारे पुन्हा तिथेच येतात.

अंतर, उंची आणि घोटा

इथे घाई करू नका. पेडल किती आरामाचं वाटणार ते सगळं इथेच ठरतं.

आधी अंतर. पाठ खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकवून बसा, दोन्ही पाय पेडलवर, पेडल मधोमध. गुडघ्याचा कोन साधारण ११० ते १३० अंश असावा, म्हणजे काटकोनापेक्षा बराच मोकळा. आता एका बाजूला पूर्ण रडर द्या आणि त्याच पायाचा टो ब्रेकही पूर्ण दाबा. एवढं करूनही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ खुर्चीपासून सुटता कामा नये. पाय ताठ होत असेल तर पेडल लांब आहे. त्याच वेळी दुसऱ्या पायाकडे बघा: तो मागे आला की गुडघा वर उचलला जातो, आणि टेबलाच्या खालच्या कडेला, कीबोर्डच्या ट्रेला किंवा योकच्या (विमानाच्या स्टिअरिंगच्या) क्लॅम्पला लागतो का ते पाहा. मधोमध असताना मांडीवर पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर सहसा अडत नाही.

आता उंची. पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल बधिर होत असेल, तर बैठकीची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते आहे. पेडल लांब सारलं की हे वाढतं, कारण पाय पुढे पसरतो आणि मांडीचा भार कडेवर येतो. बैठक खाली घ्या, नाहीतर पेडल ५ ते ८ सेंटिमीटर उचला. बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात दोन-तीन बोटं जावीत. उंची कमी असलेल्या माणसाला बैठक खोल पडते. त्याने पाठीमागे घट्ट उशी घ्यावी, पुढे सरकून विनाआधार बसू नये. विनाआधार बसलं की पेडलचा सगळा जोर कंबरेवर येतो.

आणि घोटा. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखतं ते तिथला स्नायू चवडा सतत वर ओढून धरतो म्हणून. हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. उंच खुर्चीत पेडल जवळ असेल तर नडगी जवळजवळ उभी असते, आणि नडगी उभी असताना पावलाला आडवं राहायचं असतं. पेडलची पाटी मात्र तिरकी उभी असते. तिच्याशी जुळवून घ्यायला आपण बोटं वर ओढून धरतो. धरली नाहीत तर चवड्याचं वजन पाटीवर पडतं आणि ब्रेक लागतो. म्हणजे एकतर दुखतं, नाहीतर ब्रेक घासतो.

उपाय दोन. नडगी तिरकी करा, म्हणजे पेडल लांब आणि बैठक खाली. किंवा पाटी आडवी करा, म्हणजे पेडलच्या तळाची तुमच्याकडची कड उचला. ३५ सेंटिमीटर लांबीच्या तळाची जवळची कड ५ सेंटिमीटर उचलली की सुमारे ८ अंशांचा फरक पडतो, आणि एवढा फरक पायाला लगेच कळतो. त्यासाठी लाकडाची पाचर तासून घ्या. पुस्तकं किंवा विटा ठेवू नका, त्या प्रत्येक ब्रेकला सरकतात. पेडल असं पुढे उतरतं झालं की ते उताराने पुढे घसरायला बघतं, म्हणून पलीकडच्या कडेला फळीवर एक आडवी पट्टी स्क्रूने बसवा.

गाडीच्या सीटसारखी बुटकी बैठक वापरणाऱ्यांचं याच्या बरोबर उलट असतं. पाय पुढे पसरलेले, तळवा जवळजवळ उभा, आणि पाटी पलीकडे झुकलेली, त्यामुळे पाऊल पाटीवरून वर घसरतं. तिथे पलीकडची कड उचलून पाटी उभी करायची.

बरोबर जमलं की नाही हे बाहेरून बघावं. मोबाइल बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून धावपट्टीवरची टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंग यांचा व्हिडिओ घ्या. पाय पेडलवर नुसते ठेवलेले असताना नडगी आणि तळवा यांच्यातला कोन ९० ते १०० अंशांच्या आसपास दिसला तर ठीक. बसलेल्या माणसाला स्वतःचा घोटा दिसत नाही आणि अंदाज हमखास चुकतो.

याहून पक्की खूण ब्रेकच्या ॲक्सिसवर मिळते. विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ इंग्रजी अक्षरांत टाइप करा, पेडल निवडून त्याची चाचणीची खिडकी उघडा. आता ब्रेक मुद्दाम न दाबता रडर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या आणि ब्रेकच्या दोन पट्ट्यांवर लक्ष ठेवा. पुढे गेलेल्या पायाचा ब्रेक हलत असेल तर पेडल लांब आहे. पाय शेवटपर्यंत पोचवताना बोटं आपोआप ताणली जातात. मागे आलेल्या पायाचा हलत असेल तर पेडल जवळ आहे. गुडघा वर जातो, टाच सुटते आणि भार चवड्यावर येतो. मधोमध असतानाच दोन्ही हलत असतील तर कोन चुकला आहे. एकेका सेंटिमीटरने बदल करत गेलं की दोन्ही पट्ट्या शांत होतात. तिथे फळीवर टेपची खूण करा. सॉफ्टवेअरमधला डेड झोन, म्हणजे जेवढी बारीक हालचाल सिमने मोजायचीच नाही तो भाग, लावायचा तो त्यानंतर. आधीच मोठा डेड झोन टाकून घासणारा ब्रेक झाकला तर नडगीचं दुखणं तसंच राहतं.

पाऊल कुठे ठेवायचं

खऱ्या सेस्ना १७२ मध्ये टाचा जमिनीवर असतात, चवडे पेडलच्या खालच्या भागावर, आणि ब्रेक लावायचा तेव्हाच पाऊल वर सरकतं. घरच्या पेडलांपैकी काहींत टाचेला स्वतःचा आधार असतो आणि संपूर्ण पाऊल पेडलबरोबर सरकतं. तिथे हा प्रश्न येत नाही. टाच फळीवरच राहते अशा पेडलमध्ये मात्र टाच सहज घसरली पाहिजे. गालिच्यावर टाच अडकते आणि रडर हिसक्याहिसक्याने हलतो. टाचेच्या जागी गुळगुळीत सनमायकाचा तुकडा चिकटवा, मागच्या बाजूला एक पातळ पट्टी लावा. व्हीआर हेडसेट घालणाऱ्यांना त्या पट्टीचा आणखी एक उपयोग: न बघता टाच लावली की पाऊल जागेवर आलं हे कळतं.

अनवाणी पायाला पाटीच्या कडा तासाभरात बोचायला लागतात. जाड तळाच्या बुटात दाब कळत नाही. पातळ, सपाट तळाचा कॅनव्हास बूट सगळ्यात बरा. नुसते मोजे प्लास्टिकच्या पाटीवर घसरतात, तेव्हा पाटीवर जिन्याच्या पायऱ्यांना लावतात तसली खरखरीत टेप लावावी.

दोन पेडलमधलं अंतर संचागणिक बदलतं, आणि ते विकत घेण्याआधीच बघायची गोष्ट आहे. थ्रस्टमास्टरच्या टीएफआरपीमध्ये दोन्ही पेडल एकमेकांच्या अगदी जवळ असतात. उंच माणसाचे गुडघे एकमेकांना लागतात आणि मांड्यांमध्ये जॉयस्टिक ठेवायला जागा उरत नाही. लॉजिटेकच्या नावाने मिळणारा, मूळ साइटेकचा प्रो फ्लाइट संच बराच रुंद आहे. अरुंद संच आधीच घरात असेल तर पावलं जरा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा, म्हणजे गुडघे मोकळे होतात. टाचा सरळ ठेवून गुडघे बळजबरीने फाकवले तर खुब्यांत दुखतं. व्हीकेबीच्या टी-रडरला टो ब्रेक नाहीतच. स्पिटफायर, मिग-२१, याक-५२ अशी विमानं उडवणाऱ्यांना त्याने काही बिघडत नाही, कारण त्यांचे ब्रेक जॉयस्टिकवरच्या लिव्हरने लागतात आणि कुठल्या चाकाला किती ते रडरवरून ठरतं. प्रवासी विमानं आणि सेस्ना उडवणाऱ्याने टो ब्रेक असलेलाच संच घ्यावा.

स्प्रिंगचा ताण

खुर्ची पळत असते तोवर लोक स्प्रिंग ढिली ठेवतात. खुर्ची बांधली की ती पुन्हा जुळवायला हवी. ताण इतका असावा की नुसत्या पायांच्या वजनाने पेडल मधून हलू नये, आणि अर्धा रडर मिनिटभर धरून ठेवताना मांडी थरथरू नये. दुसरी अट महत्त्वाची, कारण एका इंजिनाच्या बहुतेक पंख्याच्या विमानांत टेकऑफ आणि चढाईत नाक डावीकडे ओढलं जातं आणि उजवा पाय बराच वेळ दाबून धरावा लागतो. स्प्रिंग फार कडक असेल तर पाय थकून रडर नकळत कमी होतो आणि विमान आडवं घसरतंय हे दाखवणाऱ्या उपकरणातला चेंडू उजवीकडे सरकतो. ज्या विमानात रडर ट्रिम (पाय न दाबता रडर थोडा वळवून ठेवण्याची सोय) आहे तिथे ती वापरावी. एमएफजी क्रॉसविंडसारख्या संचात कॅमचा तुकडा बदलून मधल्या भागाचा जोर वेगळा करता येतो. मधे खाच जाणवणारा कॅम लढाऊ विमानांना ठीक, हेलिकॉप्टरला नको.

हेलिकॉप्टरसाठी तर स्प्रिंग शक्य तितकी ढिली करा. तिथे पाय सतत मध्याच्या आजूबाजूला बारीक बारीक हलत असतात, आणि प्रत्येक वेळी मध्याकडे खेचणारी स्प्रिंग त्या हालचालीत आडवी येते. डॅम्पर (पेडलची हालचाल संथ करणारा भाग) असेल तर तो थोडा घट्ट ठेवा, म्हणजे सोडलेलं पेडल झटक्यात मध्यावर परत येत नाही.

सॉफ्टवेअर

पेडल जोडल्यावर विमान जागचं हलतच नसेल, तर बहुतेक वेळा ब्रेकचा ॲक्सिस उलटा असतो. पाय काढले की ब्रेक पूर्ण लागतो, दाबले की सुटतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डाव्या आणि उजव्या ब्रेकच्या ॲक्सिसला उलट करण्याची खूण करा. डीसीएसमध्ये (लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये) ॲक्सिस ट्यूनमधला इन्व्हर्ट. दोन्ही ब्रेकना वेगवेगळं करावं लागतं, एकच केला तर विमान जागेवर गोल फिरतं.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे रडर दोन ठिकाणी नेमलेला असणं. जॉयस्टिकच्या मुठीला पीळ देण्याचा ॲक्सिस असेल तर सिम्युलेटर तो आपणहून रडरला देतो, आणि पेडल जोडलं तरी तो तसाच राहतो. मग रडर थरथरतो, किंवा पूर्ण देऊनही अर्ध्यावर अडतो. डीसीएसमध्ये तर हे प्रत्येक विमानासाठी वेगळं तपासावं लागतं. पीळ मोकळा करा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये मदतीच्या पर्यायांत ऑटो-रडर चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर वळणात तुमचा पाय आणि संगणक दोघेही रडर देत राहतात.

डेड झोन: हॉल सेन्सरच्या (चुंबकाने हालचाल मोजणाऱ्या) पेडलला रडरवर शून्य किंवा १ टक्का, पोटेन्शिओमीटरच्या (आतल्या पट्टीवर घासून हालचाल मोजणाऱ्या) पेडलला २ ते ४ टक्के. ब्रेकवर सुरुवातीला ५ ते १० टक्के पुरतात. १५ टक्के लागत असतील तर घोट्याचा कोन पुन्हा बघा. कर्व्ह, म्हणजे पेडलचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग, मी हलकाच ठेवायला सांगेन, डीसीएसमध्ये १५ ते २०, मायक्रोसॉफ्टमध्ये उणे २० ते उणे ३० पर्यंत. मधला भाग मऊ करून वाचवलेली संवेदनशीलता टोकाला वसूल होते: आडव्या वाऱ्यात उतरताना भरपूर रडर दिलेला असतो, आणि नेमकं तिथेच पेडल एकदम तिखट होतं. हेलिकॉप्टरला कर्व्ह शून्य ठेवावा, फार तर सॅच्युरेशन (पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणारा जास्तीत जास्त रडर) कमी करावं.

वायर, धूळ आणि थरथर

यूएसबीची वायर फळीच्या कडेने क्लिप लावून न्या. चाकाखाली आली की आतली तार हळूहळू तुटते आणि पेडल ऐन उड्डाणात गायब होतं. एक्सटेन्शन लावून एकूण लांबी ५ मीटरच्या वर नेऊ नका. थोडा वेळ न वापरल्यावर पेडल बंद पडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटखाली वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. नेहमी एकच पोर्ट वापरा. पोर्ट बदलला की काही सिम्युलेटर पेडलला नवं उपकरण समजतात आणि नेमणुका पुन्हा कराव्या लागतात.

पोटेन्शिओमीटरचं पेडल वर्षा-दोन वर्षांत थरथरायला लागतं, कारण आतल्या पट्टीवर धूळ बसते किंवा ती झिजते. वायर काढून, तळ उघडून, पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, पेडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा हलवा, पूर्ण सुकू द्या, मग कॅलिब्रेशन पुन्हा करा. ही सोय काही महिनेच टिकली तर पोटेन्शिओमीटर बदलावा लागतो. रूळ करकरत असतील तर कोरड्या ब्रशने धूळ काढून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. शिवणयंत्राचं तेल घातलं तर दोन दिवस मऊ चालतं, मग त्याच तेलात धूळ कालवून चिकट लेप तयार होतो.

सगळं बसवून झालं की आडव्या वाऱ्याची चाचणी घ्या. सेस्ना १७२, सरळ धावपट्टी, बाजूने १२ नॉटचा वारा. शेवटच्या टप्प्यात वाऱ्याकडचा पंख खाली, उलट्या पायाचा रडर, नाक धावपट्टीच्या रेषेत. टेकल्यावर रडर तसाच धरून दोन्ही ब्रेक हळूहळू, सारख्या जोराने लावा. या वेळी एक पाय पुढे, एक मागे आणि दोन्ही चवडे दाबलेले असतात. याहून अवघड स्थिती पेडलवर येत नाही. पाठ खुर्चीला टेकलेली राहिली, गुडघा टेबलाला लागला नाही आणि फळीवरची टेपची खूण तिथेच असली, तर आता बोल्टसाठी छिद्रं पाडायला हरकत नाही.